वारसाने आलेल्या मिळकतीला टायटल इन्शुरन्स हवा का? आधी करायची कामं, क्रमाने

वडील गेल्यावर वर्षभरात बहुतेक घरांत हे वाक्य ऐकू येतं: "सातबाऱ्यावर नावं लागली, आता काळजी नाही." दहा वर्षांनी जमीन विकायला काढली की खरेदीदाराचा वकील पहिल्याच भेटीत विचारतो, आजी कधी वारल्या? आत्या किती? त्यांचं हक्कसोड कुठे आहे? व्यवहार तिथेच अडतो. मग अमेरिकेतला एखादा भाचा फोनवर सांगतो, "टायटल इन्शुरन्स काढून टाका की."

त्या सल्ल्याचं काय करायचं ते आधी बघू. मग जी कामं केल्याशिवाय गत्यंतर नाही ती क्रमाने. पुढचं सगळं महाराष्ट्रातल्या मिळकतीबद्दल आणि हिंदू वारसा कायदा लागू असलेल्या कुटुंबांबद्दल आहे. मुस्लिम आणि ख्रिश्चन कुटुंबांत हिस्से वेगळ्या नियमांनी पडतात. गोव्यात तर पोर्तुगीज काळापासूनची दिवाणी पद्धत चालते, तिथे इन्व्हेंटरीची (वारस आणि मिळकती यांच्या यादीची) कारवाई करावी लागते. कागदपत्रं आणि शोध यांचा भाग मात्र महाराष्ट्रात सगळ्यांना सारखाच लागू आहे.

## आधी उत्तर: विमा हवा का?

टायटल इन्शुरन्स म्हणजे मालकी हक्कातला जुना, पॉलिसी घेताना ठाऊक नसलेला दोष पुढे उघडा पडला तर होणाऱ्या नुकसानीची भरपाई. आयुर्विम्यासारखा दरवर्षी हप्ता नसतो, प्रीमियम एकदाच भरायचा. आपल्याकडे हा विषय कायद्यात आला तो बिल्डरांच्या संदर्भात. रेरा कायद्याच्या (२०१६) कलम १६ प्रमाणे राज्य सरकारने अधिसूचना काढली, तर प्रकल्पाच्या जमिनीच्या टायटलचा विमा प्रवर्तकाने, म्हणजे बिल्डरने, काढायचा. बापाची चार एकर किंवा आईचा फ्लॅट वारसाने घेणाऱ्या एकट्यादुकट्या माणसाला अशी पॉलिसी बाजारात सहज मिळत नाही.

समजा मिळाली. तरी कुटुंबातल्या वारशाला ती फारशी उपयोगी नाही, कारण विमा अज्ञात दोषाचा असतो. वारशातले दोष बहुतेक घरात सगळ्यांना माहीत असतात, फक्त कोणी बोलत नाही. आत्याने सही केलेली नाही, धाकट्या काकांनी बँकेत कागद ठेवलेत, चुलतभाऊ बांधावरून भांडतोय. अर्ज करताना हे लपवलंत तर दावा नामंजूर, सांगितलंत तर तेवढं वगळून पॉलिसी. शिवाय पॉलिसी देण्याआधी कंपनी शोध घेणारच, आणि तो शोध म्हणजे खाली दिलेलीच कामं.

म्हणून माझं मत सरळ आहे: विम्याच्या मागे लागू नका, ते पैसे चांगल्या वकिलाच्या सर्च रिपोर्टवर आणि हक्कसोडपत्राच्या नोंदणीवर घाला.

अपवाद, अमेरिकेतल्या घराचा. तिथे आईवडिलांचं घर वारसाने येत असेल तर नवी पॉलिसी विचारण्याआधी त्यांची जुनी ओनर्स पॉलिसी शोधा. तिथल्या प्रचलित नमुन्यात, कायद्याने वारस म्हणून मालकी आलेल्यांनाही विमाधारक धरलेलं असतं, त्यामुळे जुनं संरक्षण बहुधा चालू राहतं. मात्र ते जुन्या रकमेपुरतं आणि पॉलिसीच्या तारखेआधीच्या दोषांपुरतंच असतं. बँकेसाठी काढलेली लेंडर्स पॉलिसी वेगळी, तिचा वारसाला उपयोग नाही. आणि नवीन घेणारच असाल तर वगळलेल्या बाबींत एक कलम नक्की वाचा: किंमत मोजून घर घेतलं असतं तर जे नुकसान झालंच नसतं, त्याची भरपाई नाही. वारसाने किंमत मोजलेली नसते, म्हणून ते कलम नेमकं त्याच्यावर येऊन पडतं.

आता महाराष्ट्रात परत.

## टप्पा १: वंशावळ कागदावर काढा, आठवणीतून नको

सगळ्यात जास्त चुका इथे होतात आणि त्या दहा-वीस वर्षांनी कळतात. वकिलाकडे जाण्याआधी घरी एक मोठा कागद घ्या. ज्या माणसाच्या नावावर मिळकत होती त्याच्यापासून सुरुवात करा. प्रत्येक नावापुढे जिवंत की मृत, आणि मृत असेल तर मृत्यूची तारीख लिहा. तारीख का? कोण आधी गेलं आणि कोण नंतर, यावर हिस्सा ठरतो.

एक उदाहरण घेऊ. वडिलांनी स्वतःच्या कमाईतून जमीन घेतली होती, मृत्युपत्र न करता ते गेले. मागे बायको, दोन मुलगे, एक मुलगी. घरातले म्हणतात, चार वारस. पण त्या वेळी वडिलांची आई जिवंत होती. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ प्रमाणे आईसुद्धा वर्ग एकची, म्हणजे पहिल्या हक्काची, वारस आहे. म्हणजे वारस पाच, प्रत्येकाला एक पंचमांश.

तीन वर्षांनी आजी गेली, तिनेही मृत्युपत्र केलं नव्हतं. तिचा पंचमांश सगळाच्या सगळा तुमच्याकडे परत येत नाही. आजोबा आधीच गेलेले असतील तर तो तिच्या सगळ्या मुलांत वाटला जातो; समजा मुलं तीन, तुमचे वडील, एक काका, एक आत्या. काकांना पंधरावा, आत्याला पंधरावा, आणि आधीच गेलेल्या मुलाच्या, म्हणजे तुमच्या वडिलांच्या, तीन मुलांना मिळून पंधरावा. वडिलांच्या स्वकष्टाच्या जमिनीत काका आणि आत्या असे आले. घरात कोणाच्या मनातही हे नसतं, पण खरेदीदाराचा वकील आजीच्या मृत्यूची तारीख विचारतो ती ह्यासाठीच.

वंशावळीत हमखास गळणारी नावं:

- लग्न होऊन गेलेल्या बहिणी आणि आत्या. "तिला लग्नात दिलं" हा कायद्यापुढे मुद्दाच नाही.
- बापाच्या आधी वारलेल्या मुलाची बायको आणि मुलं. आधी वारलेल्या मुलीची मुलंसुद्धा.
- दत्तक दिलेला मुलगा. जन्मघरच्या वारशात तो सहसा नसतो, पण दत्तकाचा पुरावा नसेल तर उद्या तो किंवा त्याची मुलं उभी राहतात.
- परदेशात असलेला भाऊ. अनिवासी भारतीयाला शेतजमीन विकत घेता येत नाही, पण वारसाने येऊ शकते. म्हणून त्याचं नाव गाळता येत नाही.

मिळकत वडिलोपार्जित, एकत्र कुटुंबाची असेल तर मुलींचा हक्क जन्माने आहे. ९ सप्टेंबर २००५ ची दुरुस्ती आणि विनीता शर्मा खटल्यातला सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा निकाल यांनंतर "वडील २००५ च्या आधी गेले, म्हणून बहिणीला काही नाही" हे म्हणणं टिकत नाही. २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर वाटप झालं असेल तर गोष्ट वेगळी, पण मग त्या वाटपाचा भक्कम कागद हवा.

> तपासा: वंशावळीतल्या प्रत्येक मृत व्यक्तीचा मृत्यू दाखला हातात आहे का? एक जरी नसेल तर तो आधी काढा. पुढचं प्रत्येक कार्यालय तोच मागेल.

## टप्पा २: कागद जमा करा, आणि ते मागे जाऊन वाचा

आजचा सातबारा पुरत नाही. तो फक्त शेवटचं पान आहे.

शेतजमीन असेल तर ७/१२ आणि ८अ तर घ्याच, पण ७/१२ वर लिहिलेला प्रत्येक फेरफार (नोंदीतल्या बदलाचा) क्रमांक उचलून त्या फेरफाराची नक्कल काढा. डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावर १५ रुपयांत मिळतो. जुने फेरफार स्कॅन झालेले असतील तर 'आपले अभिलेख'वर सापडतात, नाहीतर तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज द्यायचा. फेरफार वाचायला चिकाटी लागते. मोडीत किंवा अर्धवट मोडीत असेल तर वाचणारा माणूस गाठा, अंदाज बांधू नका.

वाचताना इकडे लक्ष ठेवा. "ए.कु.मॅ." म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. नाव एकट्या थोरल्या काकांचं दिसलं तरी जमीन साऱ्या कुटुंबाची असू शकते. "अ.पा.क." म्हणजे अज्ञान पालन कर्ता. मूल सज्ञान होऊन चाळीस वर्षं झाली तरी ही नोंद तशीच पडलेली असते. आणि सर्वांत महत्त्वाचं, "इतर हक्क" हा रकाना. पूर्वी कित्येक गावांत वारसनोंद करताना भावांची नावं कब्जेदार सदरी, म्हणजे मालकांच्या रकान्यात, आणि बहिणींची इतर हक्कात टाकायची रीत होती. आमच्या घरचा सातबारा मी पहिल्यांदा नीट वाचला तेव्हा तीन आत्या तिथे, कोपऱ्यात, सापडल्या. त्यांतली एक तेव्हा हयात होती आणि तिलाही याची कल्पना नव्हती. इतर हक्कातलं नाव म्हणजे हक्क संपलेलं नाव नव्हे.

तिथेच बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा, कुळाचं नाव, "कलम ४३ च्या अटीस पात्र" (कुळ कायद्यातलं विक्रीवरचं बंधन) असले शेरे दिसतील. भोगवटादार वर्ग २, देवस्थान इनाम, आदिवासी खातेदाराची जमीन, पुनर्वसनात मिळालेली जमीन यांतलं काही निघालं तर वारसनोंद होते, पण पुढे विकायला किंवा हस्तांतर करायला परवानगी किंवा नजराणा (सरकारला भरायची रक्कम) लागतो. हे आज कळलेलं बरं.

शहरातलं घर असेल तर मिळकत पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड, आणि वडिलांचं मूळ खरेदीखत. फ्लॅट असेल तर करारनामा, त्याची सूची क्रमांक २ (नोंदणी कार्यालयातला इंडेक्स टू), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट. गावठाणातल्या घराला ग्रामपंचायतीचा नमुना ८ असतो, पण तो कराचा कागद आहे. स्वामित्व योजनेत गावाची मोजणी झाली असेल तर मिळकत पत्रिकाही मिळेल.

वडिलांचं मूळ खरेदीखत शोधायला आणखी एक कारण आहे. उद्या विकलंत तर भांडवली नफा काढताना खर्च त्यांनी मोजलेल्या किमतीवरून धरतात, आणि खरेदी फार जुनी असेल तर १ एप्रिल २००१ चं मूल्यांकन घेता येतं.

> सावध: घरपट्टी, वीजबिल, पाणीपट्टी यांवर नाव बदललं म्हणजे मालकी बदलली असं नाही. सातबाऱ्याचंही थोडंफार तसंच. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५७ प्रमाणे नोंद खरी गृहीत धरली जाते, ते दुसऱ्याने पुराव्याने खोडेपर्यंत. महसुली नोंदीने मालकी येत नाही, हे न्यायालयांनी पुन्हा पुन्हा सांगितलं आहे.

## टप्पा ३: मृत्युपत्र आहे का, ते वारसनोंदीच्या आधी ठरवा

लोक वारसनोंद करून मोकळे होतात आणि सहा महिन्यांनी कपाटात मृत्युपत्र सापडतं. मग नोंद बदलायला अपील. म्हणून आधी शोधा: कपाट, बँकेचं लॉकर, घरचे वकील, दुय्यम निबंधक कार्यालय. मृत्युपत्राची नोंदणी सक्तीची नाही, साध्या कागदावरचंही चालतं, पण किमान दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात.

मृत्युपत्रात स्वतःच्या हिश्श्यापुरतंच देता येतं. वडिलोपार्जित सगळी जमीन एकाच मुलाला "लिहून दिली", असं मृत्युपत्र असेल तर त्यातला फक्त वडिलांचा हिस्सा त्याला जाईल.

मिळकत मुंबईत असेल तर प्रोबेटबद्दल (मृत्युपत्र न्यायालयाकडून शाबीत करून घेण्याबद्दल) वकिलाला आजचा कायदा विचारूनच पुढे जा. अनेक दशकांचा सराव एक होता, म्हणून इकडे तिकडे वाचलेल्या जुन्या सल्ल्यावर निर्णय घेऊ नका.

नॉमिनीचा घोळही इथेच मिटवा. सोसायटीत किंवा बँकेत नाव दिलेला नॉमिनी मालक होत नाही. तो इतर वारसांच्या वतीने सांभाळणारा असतो. शेअर्सच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये हेच पुन्हा स्पष्ट केलं. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यातही नॉमिनीला तात्पुरता सदस्य करून घेण्याची सोय आहे, मालक करण्याची नाही. थोरल्याचं नाव नॉमिनी म्हणून आहे, एवढ्यावर त्याने फ्लॅट विकला तर घेणारा आणि बाकीची भावंडं, दोघंही अडचणीत.

## टप्पा ४: वारसनोंद, सगळ्यांच्या नावाने

कायदा सांगतो की वारसाने हक्क आल्यापासून तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचं (जमीन महसूल अधिनियम, कलम १४९). तलाठ्याचं पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण गावात अजून तलाठीच म्हणतात. उशीर झाला म्हणून हक्क जात नाही. उशिराने साक्षीदार जातात, दाखले सापडत नाहीत, आणि एका वारसाचे पुढे पाच होतात, खरं नुकसान ते.

अर्ज तलाठी कार्यालयात किंवा ई-हक्क प्रणालीतून ऑनलाइन. सोबत मृत्यू दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, वंशावळ, सगळ्यांची ओळखपत्रं. वारस रजिस्टरात (गाव नमुना ६ क) चौकशीची नोंद होते, मग फेरफार धरला जातो, हितसंबंधितांना नोटीस जाते आणि हरकतीसाठी १५ दिवस मिळतात. हरकत आली तर प्रकरण विवादग्रस्त नोंदवहीत (गाव नमुना ६ अ) जातं आणि सुनावणी लागते. नाही आली तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. महसूल खात्याच्या 'आपली चावडी' या संकेतस्थळावर नोटीस आणि नोंदीची स्थिती दिसते, ती अधूनमधून पाहत राहा.

शहरातल्या मिळकतीला हेच काम नगर भूमापन कार्यालयात. फ्लॅटला सोसायटीकडे. वारसांत एकमत नसेल तर सोसायटी न्यायालयाचा दाखला मागते.

दाखल्यांच्या बाबतीत गोंधळ फार आहे म्हणून दोन शब्द. सक्सेशन सर्टिफिकेट हे बँक ठेवी, शेअर्स, येणी यांच्यासाठी असतं. जमिनीसाठी किंवा घरासाठी नाही. स्थावरासाठी दिवाणी न्यायालयाकडून १८२७ च्या मुंबई विनियम ८ खाली वारस दाखला मिळतो. चुकीचा अर्ज करून दोन वर्षं घालवलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि त्यांच्या वकिलांनीही त्यांना सांगितलं नव्हतं.

आता सर्वांत मोठी चूक. अर्ज भरताना भाऊ म्हणतात, "ताई सोडणारच आहे, मग तिचं नाव कशाला लावायचं?" प्रतिज्ञापत्रात बहीण गाळली जाते. हे खोटं प्रतिज्ञापत्र तर आहेच, पण व्यवहाराच्या दृष्टीनेही वेडेपणा आहे. नाव लागून मग सुटलं तर कागदावर एक स्वच्छ साखळी राहते: हक्क आला, हक्क सोडला. नाव लागलंच नाही तर उद्या तिची मुलं विचारतात, आमच्या आईने कुठे सही केली? आणि दाखवायला काही नसतं.

> तपासा: नोंद प्रमाणित झाल्यावर ताजा ७/१२ काढा. नावाचं स्पेलिंग, वडिलांचं किंवा पतीचं नाव, हिस्सा, आणि बहिणींची नावं कब्जेदार सदरी आहेत ना हे पाहा. चूक असेल तर आत्ताच दुरुस्तीचा अर्ज द्या.

## टप्पा ५: सर्च, हक्कसोडाच्या आधी

लोक हा टप्पा विक्रीच्या वेळेसाठी ठेवतात. मी तो इथे ठेवतो, कारण बहीण हक्क सोडतेय किंवा भाऊ हिस्सा घेतोय तो नेमका कशातला, हे दोघांनाही कळायला हवं. बोजा असलेली जमीन अंगावर घेऊन भावाने नंतर रडण्यात अर्थ नाही.

सर्च म्हणजे दुय्यम निबंधक कार्यालयातल्या सूच्या चाळून, या मिळकतीवर कोणाकोणाचे दस्त झाले ते पाहणं. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर अलीकडची वर्षं घरबसल्या पाहता येतात, त्याआधीची कार्यालयात जाऊन. रिवाज ३० वर्षांचा आहे. वकिलाला नुसती पावती नव्हे, सर्च व टायटल रिपोर्ट मागा, त्यात त्याचं मत लिहिलेलं असतं.

स्वतःही थोडं करता येतं. सर्वे नंबर बदललेला असू शकतो, म्हणून जुना नंबर, नवा गट नंबर आणि हिस्सा, तिन्ही घालून शोधा. एकच नंबर घालून "काही निघालं नाही" म्हणणं ही नेहमीची चूक. वडिलांनी नुसते कागद बँकेत ठेवून कर्ज घेतलं असेल तर गहाणखत सापडणार नाही. अशा गहाणाची नोटीस ऑफ इंटिमेशन (नोंदणी कार्यालयाला दिलेली सूचना) २०१३ नंतर दाखल होऊ लागली, तीही पाहा. सरसाईच्या (CERSAI, गहाणांची केंद्रीय नोंदणी) नोंदवहीत बँकांकडे गहाण असलेल्या मिळकती शोधता येतात. आणि ई-कोर्ट्सवर वडिलांचं, काकांचं, आजोबांचं नाव घालून त्या तालुक्याच्या न्यायालयात दावा चालू आहे का ते बघा. या शेवटच्या कामाला दहा मिनिटं लागतात आणि ते जवळजवळ कोणीच करत नाही.

शंका असेल तर वकिलामार्फत वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या. एक खपाचं मराठी दैनिक आणि एक त्या भागात वाचलं जाणारं. हरकतीची मुदत साधारण १४ दिवसांची देतात.

## टप्पा ६: हक्कसोड किंवा वाटप

नावं लागली, शोध झाला. आता कोणाला हिस्सा ठेवायचा आहे आणि कोणाला सोडायचा आहे ते बोलून ठरवा. खरंच बोलून. बहिणीला वकिलाच्या टेबलावर कागद पुढे सरकवून "इथे सही कर" म्हणणं हे हक्कसोड नव्हे. ते पुढे फसवणुकीच्या दाव्याचं कारण होतं.

नोंदणी सक्तीची आहे. स्टँपपेपरवर लिहून नोटरी केलेलं हक्कसोड स्थावराच्या बाबतीत कुचकामी. सही झाल्यापासून चार महिन्यांत दस्त नोंदणीला दाखल करायचा. वडिलोपार्जित मिळकतीतला हिस्सा भाऊ-बहीण, आईवडील, मुलं, जोडीदार अशा जवळच्यांच्या लाभात सोडला तर मुद्रांक शुल्क नाममात्र आहे. ते पूर्वी २०० रुपये होतं, ऑक्टोबर २०२४ पासून ५०० झालं. एवढ्या खर्चासाठी नोंदणी टाळणारे लोक पुढे लाखांचे दावे लढतात.

मजकुरातल्या चुका पाहा:

- कोणाच्या लाभात? हक्कसोड सहहिस्सेदाराच्याच लाभात होतं. भाऊ हयात असताना वहिनीच्या किंवा पुतण्याच्या नावे "हक्कसोड" लिहिलंत तर ते बक्षीसपत्र किंवा खरेदी धरलं जाऊ शकतं, आणि शुल्क त्याप्रमाणे.
- दोन भाऊ आहेत आणि बहिणीला एकालाच द्यायचं आहे, तर त्याचं नाव स्पष्ट लिहा.
- हक्कसोडाऐवजी बक्षीसपत्र करू, असा सल्ला कोणी दिला तर थांबा. बक्षीसपत्राची नाममात्र शुल्काची सवलत नवरा-बायको, मुलं, नातवंडं, विधवा सून यांच्यासाठी आहे. बहिणीकडून भावाला ती नाही.
- सगळ्या मिळकतींचं वर्णन. गावची जमीन लिहिली आणि तालुक्याच्या गावातलं घर राहिलं, हे फार वेळा होतं.

अज्ञान मूल असेल तर आई त्याच्या वतीने हक्क सोडू शकत नाही. वारसाने त्याच्या वाट्याला आलेल्या स्थावरासाठी जिल्हा न्यायालयाची परवानगी लागते. परवानगीशिवाय केलेला दस्त मूल सज्ञान झाल्यावर रद्द करून मागू शकतं. हा दोष कुठल्याही विम्याने झाकला जाणार नाही, कारण तो तुम्ही स्वतः, माहीत असताना केलेला असतो.

परदेशातला भाऊ येऊ शकत नसेल तर त्याने तिथे मुखत्यारपत्र करून तिथल्या नोटरीकडून किंवा भारतीय वकिलातीकडून साक्षांकित करून पाठवायचं. ते भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत इथे मुद्रांकित करून घ्यावं लागतं. मजकुरात "हक्कसोडपत्र करणे व नोंदणीस सादर करणे" हे शब्द हवेत. नुसत्या "मिळकतीची देखभाल"वर दुय्यम निबंधक परत पाठवतो.

सगळ्यांना हिस्सा हवा असेल तर वाटप. शेतजमिनीचं सहमतीचं वाटप तहसीलदारांपुढे जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ८५ खाली होतं, किंवा नोंदणीकृत वाटणीपत्र करता येतं. त्याआधी सरकारी मोजणी करून घ्या. कागदावर वीस-वीस गुंठे आणि बांधावर एकाला अठरा, अशी भांडणं वाटपानंतर सुरू होतात. आणि तुकडेबंदीच्या मर्यादेखाली तुकडा जातोय का हेही आधी बघा.

> सावध: आजीचा हिस्सा (टप्पा १ मधलं उदाहरण) राहिला असेल तर काका आणि आत्या यांच्याकडूनही हक्कसोड लागेल. ते हयात आहेत तोवर एक सही. नंतर त्यांच्या सगळ्या मुलांच्या.

## टप्पा ७: दुसरा फेरफार

हक्कसोड नोंदलं गेलं की लोक पेढे वाटतात आणि फाइल कपाटात जाते. नोंदणी कार्यालयातून दस्ताची माहिती महसूल खात्याकडे जाते हे खरं, पण फेरफार धरला गेला का, प्रमाणित झाला का, हे तुम्हीच पाहायचं. नाहीतर पाच वर्षांनी बहिणीचं नाव सातबाऱ्यावर तसंच दिसतं आणि सहकारी बँक पीककर्जासाठी तिची सही मागते. ती तोवर नागपूरला, जावई रुसलेला.

दस्त नोंदल्यावर दोन आठवड्यांनी चावडीवर, मग दोन महिन्यांनी ताजा सातबारा. शहरात प्रॉपर्टी कार्ड, सोसायटीत शेअर सर्टिफिकेटच्या मागच्या बाजूची नोंद. जुना बोजा फिटला असेल तर बँकेचा ना-हरकत दाखला देऊन तोही इतर हक्कातून कमी करून घ्या, ते आपोआप होत नाही.

एका फाइलीत हे कागद याच क्रमाने लावा: वंशावळ, मृत्यू दाखले, जुने फेरफार, वारसनोंदीचा फेरफार, सर्च रिपोर्ट, हक्कसोड आणि त्याची सूची क्रमांक २, दुसरा फेरफार, ताजा सातबारा. स्कॅन करून एक प्रत बहिणीलाही पाठवा.